कोकरांची हजेरी

ऊस तुटून गेलेल्या रानात प्रांजलनं काठी पाठीमागं धरली, घसा साफ केला आणि पद्मा मॅडम घेतात तशी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"अर्जुना."

पाचटात बसलेलं काळ्या तोंडाचं कोकरू उठलं आणि ओरडलं.

"इंद्रजित. इंद्रजित, कुटं बगतोस? सुमंत."

प्रत्येक नावाला ती सुबाभळीची एक डहाळी पुढं करायची, त्यामुळं कोकरं नावाला येत होती की पाल्याला, हे सांगणं अवघड होतं. ती नावालाच येतात, असं प्रांजलनं धरलं होतं. आधी मुलगे, मग मुली, हा मॅडमचा क्रम. नर कोकरांना तिनं वर्गातल्या मुलग्यांची नावं दिली होती आणि माद्यांना मुलींची. "अंबिका. ओवी." इथं तिचं स्वतःचं नाव यायचं. तिथं ती श्वासभर थांबायची. मॅडम कुठं स्वतःची हजेरी घेतात, असं मनाशी म्हणून पुढं जायची. "शिवलीला."

शिवलीला सगळ्यांत धाकटी, पांढरीशुभ्र, गळ्यात लाल रिबीन. ती पळत येऊन प्रांजलच्या परकराला ढुशी द्यायची. हजेरी संपली की शाळा संपायची, कारण पुढं काय शिकवायचं ते प्रांजलला आठवत नव्हतं.

रिबीन खऱ्या शिवलीलाची होती. शाळा बंद झाली त्या दिवशी तिनं प्रांजलच्या वेणीला बांधून दिली होती आणि म्हणाली होती, "उद्या आनून दी गं, अव्वा रागवंल." त्यांचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. शिवलीलाच्या घरी कानडी बोलायचे. ती वर्गात दोन वर्षांनी थोराड होती, कारण आई-बापासंगं उसाला जाण्यात तिची सुरुवातीची शाळा बुडाली होती. त्याच दिवशी दुपारनंतर मॅडम वर्गात आल्या आणि म्हणाल्या, रोग आलाय, थोडे दिवस सुट्टी. पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन नाचत घरी गेली. आपण कशासाठी नाचतोय हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं, आणि मोठ्यांना तरी कुठं होतं.

ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मग शाळा फोनमध्ये गेली. घरात असा फोन एकच, तो थोरल्या दिग्विजयच्या खिशात. म्हणजे प्रांजलची शाळा भावाच्या खिशात गेली, असं समजायचं. दिग्विजय अकरावीला. रेंजसाठी तो टेकडीवरच्या बिरोबाच्या देवळामागं जाऊन बसायचा. प्रांजल त्याच्या मागनं जायची आणि तो "आधी माजं हूं दे" म्हणायचा. त्याचं होईपर्यंत फोन मरायचा. पावसाळाभर ती त्या दगडावर बसून होती, आणि तिचं कधी आलंच नाही.

दिवाळी झाली. प्रांजलच्या बापाची, बिराप्पाची मेंढरं दर वर्षी दिवाळीनंतर नदीच्या बाजूला जायची. कुंडलच्या भागात ऊस, पाणी, उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धान्य देतात. प्रांजल शाळेत जायला लागल्यापासून तिची आई हरणाबाई गावी राहायची आणि बिराप्पा चुलतभाऊ कोंडीबाला घेऊन निघायचा. यंदा कोंडीबानं मेंढरं विकून टाकली आणि तो पोल्ट्रीवर कामाला राहिला.

"शाळा न्हाई, काय न्हाई," बिराप्पा म्हणाला. "हितं बसून भिताडं बगत बसनार हाय का ही? समदीच चला. दिग्या ऱ्हाईल घरी."

प्रांजलनं आईकडं बघितलं. हरणाबाई घोडीच्या पाठीवर वाकळा बांधत होती. तिनं दोरीला गाठ मारली आणि म्हणाली, "शाळा उघडली की मी सवता आनून सोडीन तुला. जा, भांडी आन."

त्या एका शब्दावर पोरगी निघाली. तो शब्द तिनं रिबिनीसारखाच जपून ठेवला होता.

*

मेंढरामागं दोन कामं असतात. एक मेंढरं चारायचं, ते बाप्याचं. दुसरं कोकरं सांभाळायचं. सकाळी मेंढ्या चरायला जातात, कोकरं तळावर राहतात. हरणाबाई भाकरी थापून, घोडीवर घागरी टाकून पाण्याला, जळणाला जायची. कधी तळ हलवायचा असला की पुढं जाऊन जागा बघायची. कोकरं आणि प्रांजल मागं.

उसाच्या तुटक्या बुडख्यांनी तिच्या टाचा फाटल्या होत्या. नदीवरनं गार वारा यायचा आणि ओठ उलायचे. दुपारी दूरवर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर दिसायचे, त्यांची गाणी ऐकू यायची, पण माणूस म्हणून कुणी रानात फिरकायचं नाही. आईनं सकाळी "नीट बग गं" म्हटलं की पुढचा शब्द दिवस मावळताना. पहिल्या पहिल्यांदा प्रांजल मनात बोलायची. मग मनातलंही संपलं. एके दिवशी तिला शिवलीलाचा आवाज आठवेना. चेहरा येई, रिबीन येई, आवाज काही येईना. त्या दिवशी ती बांधावर बसून रडली आणि डोळे पुसून उठली ती कोकरांना नावं द्यायला लागली.

संध्याकाळ मात्र गडबडीची. मेंढ्या दुरूनच ओरडत यायच्या, इकडून कोकरं ओरडायची. प्रत्येक कोकरू ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. मेंढी शेपटीखाली हुंगते, आपलं असलं तर उभी राहते, दुसऱ्याचं असलं तर डोकं हाणते. प्रांजलचा हात त्यात असा बसला होता की बिराप्पा बघत राहायचा.

"कोंडीबाला जमत न्हवतं ते हिला जमतंय," तो बायकोला म्हणायचा. "पोरीचा हात लय चांगला हाय."

प्रांजलला ते ऐकून बरं वाटायचं. त्या कौतुकातच पुढची खोट होती, पण ते तिला कसं कळावं.

संक्रांत होऊन गेली आणि व्यापारी टेम्पो घेऊन आला. मोठी झालेली नर कोकरं त्यानं बाजूला काढली. पाठीवरनं हात फिरवी, मागचा पाय उचलून बघी, आणि टेम्पोत चढवी. प्रांजल मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीजवळ उभी होती.

"अर्जुना," ती पुटपुटली. "इंद्रजित. सुमंत गेला."

शेजारी हरणाबाई होती. तिनं चमकून बघितलं. "काय म्हनलीस?"

"नावं हायती त्यांची."

"कुनाची?"

"माज्या वर्गातल्या पोरांची."

हरणाबाईचा चेहरा उतरला. तिनं पोरीचा दंड धरून तिला घोडीच्या आडोशाला नेलं. "अगं, माणसाचं नाव जित्राबाला देऊ नगं कवा. जित्राब हे जायाचं असतंय. मोरी म्हन, बांडी म्हन, काळतोंड्या म्हन. लोकांच्या लेकरांची नावं घिऊन इकायची व्हय आपन?"

"मला ठावं न्हवतं."

"आता ठावं झालं न्हवं?"

टेम्पो बांधावरनं हिंदकळत गेला. आतनं ओरडणं बराच वेळ येत राहिलं. मुली राहिल्या, कारण कळपात माद्या ठेवतात, त्यांच्यावरच घर वाढतं. दुसऱ्या दिवशी प्रांजलनं हजेरी घेतली ती एकदम अंबिकापासून. आईचं ऐकायचं म्हणून तिनं पांढरीला "पांढरे" अशी हाक मारून बघितली. पांढरी ढिम्म हलली नाही.

*

त्याच आठवड्यात तिला पोरं दिसली. रस्त्यानं सायकली निघाल्या होत्या, पाठीवर दप्तरं, तोंडाला मास्क. प्रांजल कोकरं सोडून बांध ओलांडून पळत गेली. मागं राहिलेली एक मुलगी सायकलची चेन बसवत होती.

"शाळा भरती व्हय?" प्रांजलनं विचारलं.

"भरती की," मुलगी म्हणाली. "कालपरवाच न्हाई, लय दिस झालं. तुजी न्हाई व्हय?"

"माजी लांब हाय."

मुलीनं तिच्याकडं नीट बघितलं. राखेनं माखलेला परकर, केसात अडकलेलं पाचट. "लई वास यितुय," ती सहज म्हणाली, वाईट वाटावं म्हणून नव्हे, आणि सायकलवर बसून गेली. प्रांजल रस्त्यावर उभी राहिली. स्वतःचा हात नाकाशी नेऊन तिनं वास घेतला. तिला कसलाच वास आला नाही.

रात्रीच्या भाकरीला बसल्यावर तिनं विचारलं, "आबा, शाळा उघडल्या."

बिराप्पानं घास मोडला. "हितल्या उघडल्या. आपल्याकडं न्हाई. हद्दीवर रोग लय हाय म्हनं."

"दिग्यादादाला इचारा की."

"इचारलंय. न्हाई म्हनला."

हरणाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. लाकडाला ओढायची काही गरज नव्हती.

प्रांजलनं आबावर विश्वास ठेवला. बापावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर. पण डोक्यात शाळा शिरली ती निघेना. सकाळी बांधावर चढून ती लांबवर बघायची. गावाच्या कडेला शाळेचं फाटक होतं. पोरं रांगेत उभी राहायची, पिंपाच्या नळाखाली साबणानं हात चोळायची, मगच आत. ती रांग तिनं डोळे भरून बघितली आणि तिला वाटलं, आपल्याकडं उघडली नसली तर नसू दे. आपण हितं उघडू. नियमानं उघडू.

आईच्या पेटीत ग्रामपंचायतीनं रोगाच्या वेळी वाटलेला साबण होता, गुलाबी, कागदात गुंडाळलेला. आई पाण्याला गेल्यावर प्रांजलनं तो काढला. ज्यांच्या रानात यंदा तळ होता त्या नानासोंच्या बांधाच्या कडेनं पाट वाहत होता. एकेक कोकरू तिनं पाटात उभं केलं, पाठीला साबण लावला, पोटाला लावला, शेपटीखाली चोळून चोळून धुतलं. कोकरं थंडीनं कापायची आणि ती म्हणायची, "हात धुतल्याबिगर वर्गात घ्यायचं न्हाई. अंबिका, नीट हुबी ऱ्हा." सगळी धुऊन उन्हात बसवली. रानभर गुलाबाचा वास सुटला. रिबीनही तिनं धुतली आणि शिवलीलाच्या गळ्यात पुन्हा बांधली. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिचा आजा मेंढकी, पणजा मेंढकी. मेंढी वासावर ओळखते हे बोलायला लागायच्या आधी तिला ठाऊक होतं. आणि नेमकी त्याच दुपारी ती मेंढक्याची पोरगी नव्हती, मॅडम होती.

दिवस कलला. मेंढ्या ओरडत आल्या, कोकरं धावली. पहिल्या मेंढीनं हुंगलं आणि डोकं हाणलं. कोकरू उलटं पडलं, उठलं, पुन्हा गेलं, पुन्हा मार खाल्ला. मोठी होती ती कशीबशी कासेखाली घुसली. पण मागाहून झालेली बारकी कोकरं एकीकडनं दुसरीकडं मार खात फिरायला लागली. मेंढ्या आपल्या कोकरासाठी हंबरडा फोडत होत्या आणि समोर उभ्या असलेल्या आपल्याच कोकराला हाणत होत्या.

बिराप्पानं एक कोकरू उचलून नाकाला लावलं.

"काय लावलंस यास्नी?"

"धुतली."

"धुतली? कशापायी?"

"शाळा उघडली म्हनून."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. प्रांजल बुडख्यांवर पडली आणि कोपर फाटून रक्त आलं. बिराप्पानं पोरीवर याआधी हात टाकला नव्हता. तो स्वतःच्या हाताकडं बघत उभा राहिला, मग खाली बसून मेंढीचे मागचे पाय धरले. "बारकी मरत्याल थंडीनं, उपाशी ऱ्हायली तर. बगत काय बसलाय, या की."

हरणाबाईनं पोरीला उठवलं. रागावली नाही. "जा," ती म्हणाली, "वाघरीतला चिखल आन. लेंड्यांचा, मुताचा, व्हंजळभर आन."

प्रांजलनं तो चिखल दोन्ही हातांनी आणला. ज्या पाठी तिनं साबणानं धुतल्या होत्या त्यांच्यावर तोच चिखल थापला, शेपटीखाली, पोटाला, डोक्याला. तिच्या कोपराचं रक्त त्यात मिसळत होतं. मग आई मेंढीचं डोकं गुडघ्यात दाबून धरायची, प्रांजल कोकराचं तोंड सडाला लावायची. मेंढी लाथा झाडायची. चार-दोन घोट पोटात गेले की पुढची. असं रोज संध्याकाळी करावं लागलं. हळूहळू मेंढ्या शांत झाल्या, एकेकीनं आपापलं कोकरू घेतलं. शिवलीलाच्या आईनं मात्र घेतलं नाही. तिला धरलं, बांधलं, तिचंच दूध पिळून कोकराच्या पाठीवर शिंपडलं, तरी ती हुंगायची आणि तोंड फिरवायची.

एका संध्याकाळी हरणाबाई त्या मेंढीला धरून बसली होती. प्रांजल कोकराचं तोंड धरून होती.

"आता खोटी शाळा न्हाई काडनार," प्रांजल म्हणाली. "आपली खरी उघडंल तवाच."

हरणाबाईचे हात सैल झाले. मेंढी निसटून गेली, तिकडं तिनं बघितलंही नाही.

"आपली उघडलीया," ती म्हणाली.

प्रांजलनं कोकरू जवळ ओढलं.

"दिग्याचा फोन आल्ता. तुज्या मॅडमनी नाव घिऊन इचारलंय म्हनला. तुज्या आबानं सांगू नगं म्हनलं, समद्या मेंढ्या व्याल्या की बगू म्हनलं. आन् मी गप बसले."

"कवा आल्ता?"

"झालं बरंच दिस."

प्रांजल ओरडली असती तर हरणाबाईला बरं वाटलं असतं. पण पोरगी कोकरू कडेवर घेऊन उठली, बाटलीत दूध भरलं आणि त्याला पाजत बसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं हजेरी घेणं बंद केलं. जळणाची मोळी घेऊन येताना रानाच्या कडेनं तिचा आवाज ऐकायची हरणाबाईला सवय झाली होती. तिनं काही दिवस वाट बघितली. रान गप्प होतं. पोरगी काम सगळं करत होती, बोलावलं की येत होती, पण विचारल्याशिवाय तोंडातनं शब्द काढत नव्हती. हरणाबाईला भीती वाटली.

ती नवऱ्याला म्हणाली, "पोरीला घिऊन मी उद्या जाती."

"आन् हितं?"

"तुमी हायसा की."

"एकला? मेंढरं बगू, कोकरं बगू, तळ बगू?" बिराप्पा कांबळं झटकत होता, तो थांबला. "तुला वाटतंय मी पोरीचा वैरी हाय. मला काय आनंद झालता व्हय खोटं बोलताना? पर तुमी गावाकडं आसताना मी हितं कसा ऱ्हात हुतो ते कुनी इचारलं का? दिवसभर मेंढरं. सांजचं कोंडीबा, तो आदीच मुका. औंदा घरात आल्यावानी वाटत हुतं. पोरगी हाक मारती, तू भाकर वाडतीस. म्हनून नगं म्हनलं." तो पुन्हा कांबळं झटकायला लागला. त्यातली धूळ केव्हाच गेली होती.

हरणाबाई म्हणाली, "मी आठ-धा दिसांनी माघारी यिते. नानासोंचा गडी सांजचं हाताला यील तवर, मी बोलती त्यांच्या मालकिनीशी. पर पोरीला शबूद दिलता मी."

सकाळी एस.टी.च्या रस्त्यापर्यंत बिराप्पा घालवायला आला. काखेत पांढरं कोकरू होतं.

"हिला घिऊन जावा," तो म्हणाला. "हितं हिला बाटली कोन लावतंय."

प्रांजलनं कोकरू घेतलं. तिच्या गालावर आता काहीच उरलं नव्हतं, तरी बिराप्पाची नजर तिथंच जात होती.

"काय नाव म्हनतीस हिला?"

"शिवलीला."

"बरं," बिराप्पा म्हणाला. आणि एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत काठीवर हनुवटी टेकून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

*

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाईनं पोरीला दोनदा अंघोळ घातली. प्रांजलनं स्वतः तिसऱ्यांदा हातपाय घासले. गणवेशाचा परकर आखूड झाला होता. कोकराच्या गळ्यातली रिबीन तिनं सोडली, धुतली, वाळवली आणि घडी करून खिशात ठेवली. आज द्यायची होती.

शाळेपाशी हरणाबाई कोकरू घेऊन कडुनिंबाखाली बसली. "मी हितंच हाय," ती म्हणाली.

पद्मा मॅडमनी मास्क खाली केला. "प्रांजल? अगं, केवढी झालीस. ये, बस. एका बाकावर एकजण हं, नियम आहे."

प्रांजल तिच्या जुन्या बाकावर बसली. बसताना ती सवयीनं एका कडेला सरकली. शेजारी कुणी बसायचं नव्हतं, तरी ती तशीच कडेला बसून राहिली. वर्गात तिनं मान वर केली नाही. सगळ्यांची तोंडं झाकलेली, कोण कुठला कळत नव्हता.

मॅडमनी हजेरी सुरू केली.

"अर्जुना."

"हजर, मॅडम." आवाज फुटून दांडगा झाला होता.

प्रांजलनं झटकन वळून बघितलं. अर्जुना होता, खिडकीजवळ, पाय बाकाबाहेर आलेले.

"इंद्रजित."

"हजर."

"सुमंत."

"हजर, मॅडम."

टेम्पोतनं गेलेले सगळे इथं येऊन बसले होते. प्रांजलला लई आनंद झाला. आईनं उगीच भीती घातली होती. नावानं काही होत नाही.

"अंबिका."

कुणी बोललं नाही.

"उसाला गेली मॅडम, आईबापासंगं," मागनं कुणीतरी म्हणालं.

"ओवी."

"तिच्या आईला बाळ झालंय. ती बाळ सांबाळती."

मॅडमनी मान हलवली आणि पुढं गेल्या. "प्रांजल."

इथं प्रांजल श्वासभर थांबली. तिची जीभ पुढच्या नावासाठी तयार झाली. हे नाव हजेरीत बोलायचं नसतं, अशी तिला इतकी सवय पडली होती की ते आपल्यालाच कुणी हाक मारतंय हे कळेना.

"प्रांजल बिराप्पा."

"आलीया की मॅडम, ती बगा," अर्जुना म्हणाला.

"हजर!"

तिचा आवाज रानातला निघाला, बांधापलीकडं जाणारा. भिंतींवर आपटून तो परत आला आणि पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खूण केली आणि हजेरी मिटली.

"मॅडम," प्रांजल म्हणाली, "शिवलीला ऱ्हायली."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. "तिचं नाव कमी केलंय गं."

"लगीन झालं तिचं," अर्जुना म्हणाला. "हद्दीपल्याड दिली. दारातच लावलं, धा-ईस मान्सात. आमी जेवाय गेल्तो."

प्रांजलनं आजूबाजूच्या बाकांकडं बघितलं. तिच्या रानातल्या वर्गात मुली सगळ्या राहिल्या होत्या. इथं मुलींच्या रांगेत ती एकटी होती. खिशातली रिबीन तिच्या मुठीत होती आणि शिवलीलाचा आवाज अजून आठवत नव्हता. तो आता कधीच आठवणार नाही, असं वाटून ती घाबरली आणि रानात मारायची तशी तिनं हाक मारली.

"शिवलीला!"

बाहेर कडुनिंबाखालून कोकरू ओरडलं.

वर्गाला काही समजेना. कोकरू पुन्हा ओरडलं, मग ओरडतच राहिलं, आणि पोरं बाकांवर थापा मारून हसायला लागली. मॅडम म्हणाल्या, "जा, बघून ये."

हरणाबाई दोन्ही हातांनी कोकरू आवरत होती. "हाक मारलीस व्हय गं? सुटाय बगती."

प्रांजल खाली बसली. तिनं रिबिनीची घडी मोडली आणि कोकराच्या गळ्यात बांधली, नीट, दोन पाकळ्या काढून, शिवलीलानं जशी तिच्या वेणीला बांधली होती तशी. कोकरू तिचा हात चाटायला लागलं.

"ही रिबीन द्यायची व्हती न्हवं तुज्या मैतरनीला?" हरणाबाईनं विचारलं.

"तिलाच दिली," प्रांजल म्हणाली, आणि परत जाऊन बाकाच्या एका कडेला बसली.